शिडी धरणारा

अरागात्सच्या उतारावरचा हा घुमट
महिन्यातून एकदा सगळ्यांसाठी उघडतो.
माझं काम शिडी धरायचं.
पाच पायऱ्या, लाकडी. तिसरी करकरते.

आज रांगेत पाववाला वार्दगेस,
शाळेची अकरा पोरं, थर्मासमधला चहा,
आणि शोघेर, जिनं सव्वीस वर्षं
हीच फरशी पुसली.

पहिला पोरगा ओरडतो, काळं गवत दिसतंय!
ती तुझीच पापणी. जरा मागे हो.
मग तो गप्प होतो.
गप्प झाला, म्हणजे सापडला.

मोटर बंद पडून दोन हिवाळे झाले.
दर माणसामागे शनी काठाशी सरकतो,
मी चाक बोटभर फिरवतो.
"पळतो कुठे हा?" वार्दगेस कावतो.
तो कुठला पळतोय. पळतोय आपण,
रांगेसकट, तुझ्या भट्टीसकट.

शोघेर सगळ्यांत शेवटी.
तिच्या पायाखाली तिसरी पायरी करकरत नाही,
पाऊल कुठे द्यायचं ते तिला ठाऊक.
डोळा लावते
आणि तिथेच राहते.
खाली कुणीतरी खाकरतं.
चाक फिरवायचं मी विसरलोय,
शनी केव्हाच निघून गेला असणार.

उतरल्यावर विचारलं, दिसला?
"दिसला. गेला लगेच."
मग इतका वेळ काय बघत होतीस?
"तो गेल्यावर मागे बरंच होतं,"
ती म्हणाली, शालीची गाठ मारत,
"आणि काचेवर, डावीकडे,
धूळ आहे."