तोलाराची मुलगी

बँकेतल्या मुलानं स्क्रीन माझ्याकडं वळवली.
मॅडम, तुमचा स्कोअर वाईट नाही.
तुम्हाला स्कोअरच नाही.

भरतकामाच्या मशीनसाठी दोन लाख ऐंशी हजार मागायला
मी इस्त्रीची साडी नेसून गेलेले.
पिशवीत नऊ वर्षांची पासबुकं,
गणपती पेठेतल्या गाळ्याच्या भाड्याच्या पावत्या,
आणि कडा झिजलेलं डेबिट कार्ड.
सुया, रीळ, बॉबिन, पोरीची फी,
सगळं त्यानंच घेतलं, जागच्या जागी पैसे मोजून.
त्यातलं काहीच कुठं उमटलं नव्हतं.
आपल्याच घागरीतलं पाणी पिणाऱ्याची
नोंद कोण ठेवतं?

आण्णा मार्केट यार्डात बत्तीस वर्षं तोलार.
दुसऱ्यांची हळद तोलता तोलता
नखांत जो पिवळेपणा शिरला
तो अजून निघालेला नाही.
मगदुमांच्या घरावर कुणाचा छदाम न्हाई,
हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात.
मी क्रेडिट कार्ड म्हटलं तेव्हा
त्यांनी चहा बशीत ओतला
आणि तसाच निवू दिला.

अंथरुणाबाहेर पाय काढायचा नव्हता, आण्णा.
अंथरूण आहे, एवढंच दाखवायचं होतं.

वीस हजारांची ठेव ठेवली, तिच्यावर कार्ड मिळालं.
मापाच्या टेपवर खूण करावी तशी
मनात चार हजारांवर खूण केली.
त्यापुढं टेप ओढायचीच नाही.
पेट्रोल, अस्तराचं कापड, महिन्याचं तेल.
ज्याचे पैसे खात्यात आहेत तेवढंच.

बिलात खाली एक ओळ असते : किमान रक्कम, दोनशे रुपये.
ती ओळ मी लगेच ओळखली.
माझ्या दुकानात ती रोज येते, ब्लाऊज घेऊन जाते,
उरलेले पुढच्या महिन्यात देते हं ताई, म्हणते.
तिचा पुढचा महिना मला माहीत आहे.

ऑगस्टात कृष्णा चढली.
आयर्विन पुलाशी अडतीस फूट, मग एकोणचाळीस.
गल्लीत ज्याला त्याला आकडा हवा होता,
माझ्या डोक्यात तारीख. नऊ.
मशीन माळ्यावर, गिऱ्हाइकांची कापडं मिरजेला बहिणीकडं,
आम्हीही तिथंच. लाईट नाही,
फोनमध्ये चार टक्के.
गच्चीवरच्या टाकीवर चढले तेव्हा रेंजची एक काडी दिसली.
एक हजार आठशे सेहेचाळीस.
पूर्ण.
खाली आण्णा छत्री धरून उभे, स्वतः भिजत.
भरलं का?
आठ महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं त्यांनी.

पाणी उतरल्यावर गाळा उघडला.
भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला चिखलाची रेघ.
आण्णांनी तिच्यावरून नख फिरवलं.
भिंत बी लिहून ठेवती बघ, म्हणाले,
किती आलं.
आणि गेलं हे बी.

पुढं बरेच दिवस काही नाही.
कापडांना वास येत होता, एक मोटार जळाली,
दिवाळीची शिलाई अर्धीच झाली.
तरी बिल ठरल्या दिवशी येत राहिलं,
मी एखादा दिवस आधीच भरत राहिले.

फेब्रुवारीत त्याच मुलानं स्क्रीन वळवली.
सातशे अठ्ठावीस.

किती पैकी? आण्णांनी विचारलं.
नऊशे.
ते हिशेब केल्यासारखे गप्प बसले.
मग म्हणाले, रिकाम्या पारड्यात खोट नसती गं.
पर वजन बी नसतं.

पाहुणे आले की ते अजून तेच सांगतात,
चहाच्या आधी, तशाच ताठ मानेनं.
मागं मशीन खडखडत असतं, महिन्याला सात हजार चारशेचं.
फक्त छदाम म्हणण्याआधी
आण्णा आता क्षणभर थांबतात,
काटा स्थिर व्हायची
वाट बघावी तसे.