पैशाचं सोंग

फॉर्मवर मी खोटं लिहिलं, हे आधीच सांगतो.
उत्पन्नाच्या रकान्यात आमच्या दोघांची कमाई मांडली,
तिची दुप्पट केली,
आणि वर ऑरिनच्या आईची पेन्शनही घातली.
ती जाऊन आता सहा वर्षं होतील.

कारण खालच्या ओळीत छापलं होतं:
दोन तास गप्पा, पंच्याहत्तर डॉलर रोख, सँडविच मोफत.
आणि आमच्या गाडीचा सायलेन्सर तारेनं बांधलेला.

टोलीडोमधलं हॉटेल, नववा मजला,
खिडकीखाली मॉमी नदी, चहाच्या चोथ्यासारखी.
आम्ही आठ पुरुष. प्रत्येकाच्या छातीवर चिकटपट्टी:
हॅलो, माझं नाव अमुक.
माझ्यावर टॅड.
समोर भिंतभर आरसा, आणि त्याच्यामागे
कुणीतरी वेफर्स खात होतं. ऐकू येत होतं.

ब्रायोनी नावाची बाई. चांगली होती बिचारी.
तिनं पडद्यावर आम्हांला दाखवलं:
दोन पुरुष, पांढरा सोफा, पांढरा कुत्रा.
खाली आकडे. पगार दोन. मुलं शून्य.
आणि महिन्याच्या शेवटी उरलेला पैसा.
उरलेला.
मी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला.
आमच्याकडे सूप उरतं कधीकधी.

शून्य मुलं, असं ती म्हणाली
तेव्हा मला डेल्फिनचे बूट दिसले.
ऑरिनच्या बहिणीची पोर, नऊ वर्षांची,
चार वर्षं झाली आमच्याकडे आहे.
अंगठा बाहेर डोकावतो, ती वर मोजा ओढते
आणि कुणाला सांगत नाही.

काचेच्या कारखान्यात फोरमन रस्कसुद्धा
याच पडद्यावरून शिकला असणार.
मागच्या हिवाळ्यात ओव्हरटाइम दुसऱ्याला देताना म्हणाला,
त्याला लेकरं आहेत रे.
तुम्हांला काय, तुम्ही लोक तर मजेत.
मी हसलो होतो. का हसलो, कोण जाणे.

मागची सुट्टी कुठे घालवलीत?
माझ्या शेजारचा म्हणाला, ग्रीस.
त्याच्या नखांत होतं खरोखरच ग्रीस,
काळं, ट्रकच्या चाकांचं.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.
माझी पाळी आली. मी म्हणालो, पोर्तुगाल,
आणि मासे छान मिळतात तिकडे, असंही म्हणालो.

सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं आणता येत नाही म्हणतात.
आणलं आम्ही. ताशी साडेसदतीस डॉलरनं.
आणि खोटं कशाला बोलू, एवढं बोलल्यावर:
तो पांढऱ्या सोफ्यावरचा मी
मला आवडायला लागला होता.
त्याची पाठ दुखत नव्हती.

एकटा व्हर्नेल तेवढा खरं बोलला.
सत्तरीचा, टाय लावून आलेला.
वोडका कुठली घेता, असं विचारल्यावर म्हणाला,
मी टोमॅटो सूप घेतो, बाई, डब्यातलं,
ज्या डब्याला पोचा आलेला असतो ते.
ते अर्ध्या किमतीत देतात.
ब्रायोनी हसली. पेन वहीवर आलं, थांबलं.
आरशामागचे वेफर्सही थांबले.
मग तिनं विचारलं, आणि क्रूझबद्दल काय वाटतं?

निघताना व्हर्नेलनं तीन सँडविचं
नॅपकिनमध्ये बांधून खिशात टाकली.
मी त्याच्यासाठी दार धरून उभा राहिलो,
अंमळ जास्तच वेळ.

घरी आलो. डेल्फिननं छातीवरची पट्टी सोलून काढली,
शर्टाचे दोन धागे तिच्यासोबत आले,
आणि ओट्यावरच्या बरणीला लावली.
म्हणून आता आमच्या बरणीवर लिहिलंय,
हॅलो, माझं नाव टॅड.
आत मीठ आहे.

बूट आणले. निळे, एक माप मोठे.
सायलेन्सर तारेवरच आहे.
रात्रपाळीहून परततो तेव्हा
अख्खी गल्ली जागी होते,
आणि ऑरिन झोपेतच म्हणतो,
आले बघा पोर्तुगालहून.