रेमेदमावशीची वही

रेमेदमावशीला वाचता येत नव्हतं,
रेघा मारता येत होत्या.
शंभर पानी वही, दोरीला बांधलेली पेन्सिल.
शुक्रवारी मासळी नाही: एक रेघ.
(हे कुठल्या पाद्रीनं सांगितलेलं नव्हतं, तिचं तिनंच ठरवलेलं.)
गुडघ्यांवर रांगत कपेलापर्यंत: पाच रेघा.
जुवांवकाका कर्लीच्या मुखाशी भोवऱ्यात गेला
त्या पहाटे ती त्याच्याशी भांडली होती.
अकरा वर्षं फेड चालू होती.

देवबागेत जमीन इतकी चिंचोळी
की पुढल्या दारातून समुद्र, मागल्या दारातून खाडी.
तिची दोन्ही दारं ओढलेली.

उपासकाळात मी तिला वाचून दाखवायचो.
त्या संध्याकाळी तंबू शिवणाऱ्या माणसाचं पत्र निघालं,
रागानं लिहिलेलं, आपल्याच माणसांवरच्या रागानं.
बाहेर पोरं बॅट घेऊन थांबलेली,
मी ओळी गिळत वाचत सुटलो:
मानेवरचं जू उतरलंय,
आता तेच शोधत कशाला फिरता, अशा अर्थाचं काही.

"परत वाच."
वाचलं.
"फेडल्यान कोणी म्हणता तो?"
मी ओळ दाखवली.
तिनं तिच्यावरून अंगठा फिरवला,
तारलीचे काटे चाचपावेत तसा.

वही तिनं जाळली बिळली नाही.
पानं फाडून सुकट बांधली त्यांत
आणि इनासीनकडे गेली,
जिच्याशी माडाच्या हद्दीवरून
मी जन्मल्यापासून अबोला होता.
सुकटीला शिशाचा वास येतो, इनासीन म्हणाली.
येऊ दे, म्हणाली मावशी.

सकाळी रापण लागली.
रापणीत दोराला हात लावेल त्याला वाटा,
आधी आला, उशिरा आला, कुणी विचारत नाही.
काळ्या लुगड्याचा काचा मारून
मावशी वाळूत टाचा रोवून उभी.
सांतान तांडेल ओरडला,
"गो, तुका कोणी बोलावल्यान?"
"कोणीच नाय. म्हणान तर इलंय."
आणि ओढू लागली.

शुक्रवार होता.
वाट्याचे सात बांगडे. चार इनासीनच्या पोरांना,
तीन चुलीवर.
ताट पुढे करताना तिचा तळहात दिसला,
दोराची लाल रेघ आडवी उमटलेली.
मी तिच्याकडेच बघत राहिलो.
"काय बघतंस? काटे बघून खा," म्हणाली.
मागल्या दारातून खाडीचा वारा येत होता.