बाहेरचा डबा

दाजी पेठ. म्याकलांची पुढची खोली. एप्रिल.
कॉम्प्युटरचं झाकण उघडलं
तर पंखा सुताच्या तुसांनी गच्च.
ब्रशनं ओढलं, मूठभर कापूस निघाला.
आजोबा गाद्या पिंजायचे, मी हे पिंजतो.
नदाफाच्या हातून कापूस काही सुटत नाही.

मदरबोर्डवर स्लॉट तीन, तिन्ही भरलेले.
एकात जकार्डची पुठ्ठी छिद्रणारं कार्ड,
त्याच्यावाचून चादरीवर मोर उमटायचा नाही.
एकात स्कॅनरचं.
तिसऱ्यात आवाजाचं.
आणि सुहासिनीच्या हातात, चकचकीत पिशवीत, चौथं.
पंचिंगचं दुसरं मशीन घेतलंय, हप्त्यावर,
त्याला हे लागतं.
"कुठं बसवता बघा की वो."

जागा नाही, हे म्हणायला मला तोंड नव्हतं
त्या घरात.
दोन खोल्या, चार माग, नऊ माणसं.
थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा
मागच्या भिंतीला दार पाडून
पत्र्याची खोली काढलेली,
वायर आतल्याच मीटरवरून नेलेली.
सून त्या दारातनंच ये-जा करते,
आत कुठं संपतं नि बाहेर कुठं सुरू होतं
तिला विचारून बघा.

नवा घ्या म्हणावं
तर डिझाइनचं सॉफ्टवेअर ह्याच मशीनशी लग्न लावून बसलंय,
आणि लावून देणारी कंपनी कधीच उठून गेली.

मग हैदराबादच्या भंगारातून डबा मागवला.
ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला, पोत्यात शिवून.
आत चार स्लॉट,
स्वतःचा पॉवर सप्लाय,
अंगठ्याएवढी जाड केबल, टोकाला एक कार्ड.
ते कार्ड आत बसलं की बाहेरचं सगळं आतलं.
मशीनला वाटतं, आपलंच घर.

पण चार मिळवायला आधी एक रिकामा करावा लागतो.
हे सांगितलं तेव्हा कुणीच बोललं नाही.
स्कॅनरचं कार्ड बाहेर नेऊन पाहिलं:
चित्रं अर्धीच येऊ लागली, मोर मानेपाशी तुटला.
पंचिंगचं हलवायची हिंमत नव्हती माझी.
राहिलं आवाजाचं. ते बाहेर गेलं,
वाजलं,
पण नुसती खरखर.

त्या आवाजावर लक्ष्मय्या म्याकलांचा हक्क.
दुपारची भाकरी झाली की
स्पीकरला कान लावून तेलुगू हरिकथा.
मी स्क्रू हातात घेऊन उभा.
सुहासिनी आजोबांकडं बघत नव्हती,
पिशवीवरचा पत्ता वाचत होती, परत परत.

आजोबांनी माझ्या हाताकडं पाहिलं.
"खरखर येतीय?"
हो म्हणालो. मोठ्यानं म्हणावं लागलं.
"मग राहू दे की बे.
बावन्न वर्षं माग चालवला.
मला अख्खं जग तसंच ऐकू येतंय."

बसवलं.
चालू करायची रीत सांगितली, खडूनं भिंतीवर लिहिलीसुद्धा:
आधी बाहेरचा डबा, मग कॉम्प्युटर.
उलटं केलंत तर आतला बाहेरच्याला ओळखत नाही.
सुहासिनीनं दोन्ही बटणं दाबली, त्याच क्रमानं,
चप्पल काढून.

दोन्ही पंचिंग मशीनं एकदम सुरू झाली,
पुठ्ठ्याचे गोल तुकडे फरशीवर सांडत.
त्यात कुठंतरी, खरखरत, हरिकथा.
आजोबांनी कान लावला नाही या वेळी.
डब्यावर तळहात ठेवला,
झाकणाची थरथर बोटांत घेतली,
आणि कथेतल्या तालावर
अंगठ्यानं ठोका धरला. बरोबर समेवर.

"चालु," म्हणाले.

त्यांच्या तेलुगूत याचा अर्थ पुरे.
आमच्याकडं, सुरू.
पैसे मोजून घेताना विचारणार होतो, कुठलं.
तोवर लाइट गेली,
आणि खोलीतले सगळे एका सुरात म्हणाले,
आधी बाहेरचा.