कच्चं

आमच्याकडं कुणी गेलं की विचारतात,
"माती किती वाजता?"
जाळणार असले तरी माती,
पुरणार असले तरी माती.
या एका शब्दावर
सगळं कोल्हापूर एकाच रस्त्यानं चालतं.

पप्पांनी लिहून ठेवलं होतं
प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर,
सवयीनं समास सोडून.
साहित्य: पालिकेच्या शेणी. लाकूड नको.
पेटी नको, पितळी कड्या तर नकोच.
राख नदीला देऊ नये,
पंचगंगेला तिचं केंदाळ पुरे आहे.
कृती: मार्थाला न दुखवता करावी.
निष्कर्ष,
आणि पुढं दोन ओळी रिकाम्या.

कृती जमली नाही.
मार्थाआत्या उंबऱ्यातच बसली,
डोळे वाहात होते ते पुसायचेही नाकारून.
"कर्णा वाजेल तेव्हा तुझी आई उठेल,
आमचे हे उठतील.
शांतवन कशातनं उठणार गं?
डब्यातनं?"

पाळक समुद्रे चहावर साय धरेपर्यंत गप्प होते.
मग म्हणाले, "माझा आजा कृष्णेच्या पुरात गेला.
सापडला नाही.
देवाला तो सापडत नसेल
असं मला कधी वाटलं नाही, आत्याबाई."
आत्या म्हणाली,
"पूर आला होता. तुम्ही लोटलं नव्हतं."
पाळकांनी हातातलं बिस्किट
बशीत परत ठेवलं.

घाटावर शेणी रचणाऱ्यानं विचारलं,
"पाणी पाजायचं? मडकं फोडायचं?"
आम्ही फक्त गीत म्हणतो, मी म्हटलं.
तो अंगातली शेणाची धूळ झटकून
कडेला उभा राहिला,
दुसऱ्या कडव्याला त्यानं टोपी काढली.

बापट कॅम्पात, बिनरंगी गणपतींच्या मधून
वाट काढत माजगावकरांकडं गेले.
"सरांनी मला दोनदा नापास केलंय,"
ते अभिमानानं म्हणाले, आणि चाकावर गोळा थापला.
"झाकणासकट करतो. खरं एक सांगा,
भाजू, का कच्चं ठिवू?
भाजलं तर हजार वर्सं हाय तसं ऱ्हातंय.
कच्चं म्हंजे एका पावसाचं काम."

मला काही सुचेना.
फोन लावला, कुणाला लावणार दुसरं.
आत्या बराच वेळ बोलली नाही.
पलीकडं तिचा पंखा कुरकुरत होता,
अलीकडं चाक.
"पहिल्या माणसाला देवानं
भट्टीत घातलं नव्हतं," ती म्हणाली.
"कच्चं ठेव.
आणि माझं नाव घालू नको यात."

आईच्या थडग्याच्या पायथ्याशी
हातभर खड्डा पुरला.
वहीत आणखी एक ओळ होती, बारीक अक्षरात:
नुसती राख मूळ जाळते,
चौपट शेणखत मिसळावं.
मी घमेल्यात कालवत बसले,
राख, खत, पोयट्याची माती,
कोपरापर्यंत हात करडे,
आणि मध्येच लक्षात आलं की
मी पप्पांना कालवतेय.
थांबले. मग परत कालवलं.
एक मूठ मडक्यात घातली, बाकी भोवती,
वर बकुळीचं रोप.

आत्या फाटकाबाहेर छत्री उघडून उभी होती,
ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.
मडकं खाली ठेवायच्या आधी
ती आत आली, चपला काढल्या,
ओलसर झाकणावर अंगठा दाबला.
ठसा उठला.
काही न बोलता गेली.

मे महिन्यात बकुळीनं पानं टाकली.
मला वाटलं, प्रयोग फसला.
वही उघडून पेनही हातात घेतलं होतं.
पण रविवारी उपासनेनंतर
दफनभूमीकडं वळले तर
आत्या तिथं वाकलेली,
पाण्याची बाटली बुडाशी उपडी करत,
दटावत होती,
लहान भावाला शाळेसाठी दटावावं तसं,
"ऊठ की रे आता."