पंधराव्या टीवरून

पाहुण्यांना मी आधी वारा सांगते, मग अंतर.
पंधराव्यावर तर अंतर विचारूच नये.
डावीकडे कडा, कड्याखाली समुद्र,
उजवीकडे एकाच बाजूला भांग पाडल्यासारखी पाईनची झाडं,
मागे टेकडीवर आमचं हॉटेल, लाल कौलांचं.
पिढ्यान्‌पिढ्या त्याच वेताच्या खुर्च्या,
चहाबरोबर तोच लिंबाचा केक.

आज कुरामोची साहेब आहेत. वय एक्क्याऐंशी.
पांढरे बूट, आणि लाकडी डोक्याचा जुना क्लब,
भाजलेल्या चेस्टनटसारखा तुकतुकीत.
आयुष्य सिमेंटमध्ये गेलं, असं दरवर्षी सांगतात,
आणि दरवर्षी इथे एक चेंडू समुद्राला देतात.

"शिझुए-सान, किती उजवीकडे धरू?"
"दीपगृहाच्या खांद्यावर. वारा आणेल वळवून."

मारतात. आवाज छान येतो.
चेंडू दीपगृहाकडे निघतो,
मग त्याचं मन बदलतं.
एवढ्या उंचीवरून पडल्याचं ऐकूही येत नाही.

माझी आई याच कड्याखाली बुडी मारायची.
कमरेला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला
नावेत बसलेले वडील, विडी ओढत.
संध्याकाळी दारात टोपली उपडी करायची:
शेवाळ, शंख, शिंपले,
आणि तळाशी दहा-बारा पांढरे चेंडू.
गोड्या पाण्यात धुवायची, चड्डीच्या फडक्याने पुसायची,
क्लबहाउसच्या मागच्या दाराशी नेऊन विकायची.
म्हणायची, वरचे पेरतात, आपण काढतो.
माझं सगळं शिक्षण चुकलेल्या फटक्यांवर झालं.

हे मी पाहुण्यांना सांगत नाही.
नुकताच फटका चुकलेल्या माणसाला
त्याचा हिशेब कशाला.

पण साहेब आज कठड्याशी गेले, वाकून म्हणाले,
"चाळीस वर्षं येतोय. खाली ढीग असेल माझा."
"ढीग नाही," मी म्हटलं.
बॅगेचा पट्टा सारखा केला. उगाच.
"आई वर आणायची."

ते बघत राहिले, माझ्याकडे, मग पाण्याकडे.
"काय मिळायचं एका चेंडूचं?"
"एक पाव. नवा असला तर दोन."
"स्वस्तात द्यायची," म्हणाले,
कंत्राटदाराच्या आवाजात, जरा रागावूनच.

मग दुसरा चेंडू लावला.
या वेळी मला काही विचारलं नाही.
तो सरळ गेला, गवताच्या मधोमध पडला, थांबला.
आम्हा दोघांनाही
तो फारसा आवडला नाही.