रकाना क्रमांक नऊ

फॉर्म टेबलावर आहे, त्यावर मिठाची बरणी,
पंख्याने उडू नये म्हणून.
नाव लिहून झालं : सलोमी नथानेल उबाळे.
वय सत्तेचाळीस, राहणार मिरज,
नोकरी, एक्स-रे विभाग.
मंडळीचं नाव, पाळकांची सही.
शिरसाट पाळकांनी सही करताना विचारलंसुद्धा नाही,
म्हणाले, तू तर हे आधीपासूनच करतेस.
मग रकाना क्रमांक नऊ :
ख्रिस्ती समुपदेशक होण्याचं पाचारण आपणास कसं झालं?
खाली सहा ओळी. आखलेल्या.

पाचारण.
मला कुणी रात्री नावाने हाक मारली नाही.
मारली असेल तर तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत
लाल दिव्याखाली फिल्म धूत असेन,
आले, आले म्हणून
विसरले असेन.

बावीस वर्षं मी एवढंच म्हणत आले :
छाती पाटीला टेकवा. खांदे पुढे.
श्वास घ्या. धरून ठेवा.
आणि पळत भिंतीआड.
भिंतीत शिसं आहे, काचेतही.
बटण दाबते, मग ओरडते : सोडा!
लोक श्वास सोडतात,
आणि काय होतं कुणास ठाऊक, काहीजण
त्याच्याबरोबर आणखीही काही सोडतात.
म्हैसाळचा एक ड्रायव्हर, गुडघ्याच्या फोटोला आलेला,
सांगत बसला की गेलेल्या मुलाचा चेहरा आता आठवत नाही,
चपलांचा आवाज तेवढा आठवतो.
बाहेर अकरा जण नंबर लावून.
मी त्याचा गुडघा धरून तशीच उभी.

याला म्हणायचं का पाचारण?
की नुसती तलफ,
कुणाला तरी आपण लागतो याची,
चारच्या चहासारखी?

आणि हौसाबाई खोत, आरगच्या.
त्या सहा ओळींत मावत नाहीत.
खोकला म्हणून आल्या. फिल्म दिव्यावर लावली
तर डाव्या बाजूच्या तीन बरगड्या,
मोडून जुळलेल्या, वेगवेगळ्या वर्षांच्या.
मी विचारलं. म्हणाल्या, पडले गोठ्यात.
तीनदा?
त्यांनी तोंड उघडलं, अगदी जरासं,
आणि मला ते सोसेना,
मी चटकन एक वचन दिलं. पाठ होतं. चांगलं होतं.
त्यात निवारा होता, शांती होती.
त्यांनी पदर नीट केला.
व्हय बाई, म्हणाल्या, देव हाय की.
आणि लिफाफा काखेत मारून गेल्या एस्टीला.

वचन खोटं नव्हतं.
मी ते भिंतीआडून दिलं.

नथानेल म्हणतो, कर की कोर्स, फीचं बघू,
फक्त सांग, घरात तू आजवर
कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलंयस?
मी म्हणाले, अरे पण
आणि शारोन इतकी हसली की तिला ठसका लागला.

रविवारी उपासनेत मी खूण मागितली.
डोळे मिटून, अगदी गिदोनासारखी हट्टाने.
पुढच्या बाकावर लोंढे मावशींचं श्रवणयंत्र
बारीक शिट्टी मारायला लागलं,
आणि त्यांना सोडून सगळ्यांना ती ऐकू आली.
आता ही खूण धरायची की नाही,
आणि धरली तर मावशी कोण, मी कोण?

शुक्रवार शेवटची तारीख. आज बुधवार, रात्रीचे साडेअकरा.
पहिल्या ओळीत लिहिलं : मला लोकांना मदत करायची आहे.
खोडलं.
दुसऱ्या ओळीत : देवाने मला
तिथंच थांबले. निदान त्याचं तरी वाक्य
मी पुरं करू नये.
तिसऱ्या ओळीत लिहिलं : खोत, आरग, गोठा, तीन बरगड्या.
वाचणाऱ्याला काय कळणार यातलं.
उरलेल्या तीन कोऱ्या.

सकाळी आधी मार्चचं रजिस्टर काढायचं.
खोकला बरा आहे का, एवढंच विचारायचं
आणि मग गप्प बसायचं,
त्या बोलल्या तरी, नाही बोलल्या तरी.
फॉर्म त्यानंतर.
बरणी परत त्याच्यावर ठेवली. पंखा चालूच.